सतरा नंबरची तारीख

स्टेशनच्या पोटातला बटण-सेल मेला,
आणि वीज गेली की घड्याळ मागे पळायचं,
थेट एक जानेवारी दोन हजारला.
तेव्हा मी बालवाडीत होते,
गावात फोन एकच, तोही पोस्टात,
आणि हा कारखाना म्हणजे काजूची उतरण होती.

कार्ड टपाल तिकिटाएवढं. त्यात चारशे बारा फाइली,
नावाला आठच अक्षरं, त्यातली निम्मी शून्यं.
परकारचाचा निवृत्त होताना बजावून गेले होते:
आधी नक्कल, मग मोजणी, मग पुसणं.
मोजल्याशिवाय पुसलंस तर तुझंच कॅलिब्रेशन करीन.
नक्कल केली. मोजली. चारशे बारा.

सोमवारी ऑडिट. निमकर साहेब म्हणाले,
अंदाजाने टाक गं तारखा,
सुळका पंचवीसला गेलेला दिसला म्हणजे झालं.

सुळका असतोच. रोज सकाळी आठला
एकेका डिटेक्टरला मी सिलिंडरमधला वायू पाजते,
पंचवीस पीपीएम, कुजक्या अंड्याच्या जातीचा.
तो किंचाळतो, लाल होतो, मी टिक करते.

पण सतरा नंबर खाडीकडच्या खिडकीत टांगलेला,
तो रात्रीचाही जागा.
त्याच्या फाइलीत आठच्या सुळक्याखेरीज
एक बुटका उंचवटा, दोनचा, फार तर तीनचा,
रोज पाऊण तास उशिरा येणारा.
मी लिहून टाकलं: सेन्सर बदलणे.

रात्री जेवताना बापसाला सांगितलं. तो हसला.
"सुकती ती. चिखल उघडा पडतो, वास मारतो.
तुझ्या डबड्याला आत्ता कळलं?"
बोटाच्या पेरांवर तिथी, तिची पाऊणपट,
दाभोळहून आमच्या वळणापर्यंत पाणी चढायला
अर्धा तास वर. ही झाली भरती.
तिथून सहा तासांनी सुकती.
जाळं सोडून सहा वर्षं झाली त्याला,
पेरं काही विसरली नाहीत.

मग ताटं तशीच ठेवून बसलो.
मी आठच्या सुळक्यापासून मिनिटं मोजायची,
त्याने तिथी सांगायची.
षष्ठी. सप्तमी. इथे वीज गेली, थांब. नवमी.
पाच दिवस सुळकाच नाही:
गणपती. माझे हात उकडीच्या पिठात,
आणि सतरा नंबर एकटाच चिखल हुंगत बसलेला.

सुट्टीनंतरचा तिसरा सुळका. एकादशी.
रात्री नऊला आकडा बासष्ट.

"किती म्हणालीस?"
बासष्ट.
"नऊला तर पाणी काठोकाठ. चिखल बुडालेला."
हातावरचा भात वाळला होता त्याच्या.
"ह्यो सुकतीचा वास न्हाय."

द्वादशीच्या सकाळी बोयटी पोट वर करून तरंगत होती,
काळुंदरं, शेंगट्याही,
धक्क्यावर बायका रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या.
मी त्यांच्यामधून वाट काढत गेले होते, नाकाला पदर लावून.
आठ वाजून दोन मिनिटं. सुळका. टिक.

बासष्ट आमच्या नाल्याचं की पलीकडल्या,
सतरा नंबर सांगत नाही.
त्याला किती ते कळतं, आणि केव्हा ते.
केव्हा तर तो विसरलाच होता.

नावाच्या आठ अक्षरांत तिथी बसेना,
इंग्रजी तारीख घातली. सगळ्यांना, एकेक करून,
पहाटे कोंबडा आरवेपर्यंत.
कार्डाच्या कडेला पांढरा खटका असतो, तांदळाएवढा,
खाली ओढला की वाचता येतं,
पुसता येत नाही. तो नखाने ओढला.

साहेबांचं बोट यादीवरून घसरत गेलं
आणि एका ओळीशी थांबलं.
"चारशे अकराच बऱ्या दिसतील," ते म्हणाले.
"मोजून झाल्यात, सर," मी म्हटलं.